सोनटक्का

सोनटक्का ही आल्याच्या कुळातील, जमिनीखालच्या आडव्या कंदापासून वाढणारी बहुवर्षायू वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव हेडिकियम कोरोनॅरियम असे आहे. त्यातील प्रजातीचे नाव (हेडिकियम) ‘गोड’ व ‘हिम’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून पडले आहे. जातीचे नाव (कोरोनॅरियम) माळांमधील वापर सुचविते. पूर्व हिमालय व त्यालगतच्या प्रदेशांतील ओलसर जंगले आणि ओढ्यांचे काठ येथे ती मूळची असली, तरी महाराष्ट्रात व गोव्यात ती परसबागेत इतकी रुळली आहे की, बहुतेकांना ती इथलीच वाटते.

मुळांशी कायम ओल आणि वर गाळीव ऊन, एवढे मिळाले की सोनटक्का फारशी निगा मागत नाही. कोकणात तो विहिरीच्या काठाशी किंवा न्हाणीचे पाणी वाहून जाते त्या वाटेवर, केळी व अळूच्या शेजारी लावतात, आणि या जागेत शहाणपण आहे. कारण तेथे पाणी रोज येते, पण साचून कुजत नाही. मात्र न्हाणीच्या पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरीचा फेस असेल, तर ते पाणी दुसरीकडे वळविलेले बरे. दाट सावलीत पाने लांबरुंद होतात आणि फुले येत नाहीत. नुसत्या नत्रयुक्त खतांनीही तेच होते.

लागवडीसाठी दोन-तीन डोळे असलेले कंदाचे तुकडे मेच्या अखेरीस, शेणखत घातलेल्या भुसभुशीत मातीत सुमारे 5 सेंमी. खोल आडवे लावतात. कुंडी निवडल्यास ती खोल असण्यापेक्षा पसरट हवी, कारण कंद आडवे धावतात. उन्हाळ्यात देशावर पाने कडांनी करपतात; अशा वेळी बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालून पाणी चालू ठेवावे.

पावसाळ्यात 1 ते 2 मी. उंचीच्या दांड्याच्या टोकाशी, एकावर एक बसलेल्या हिरव्या छदांच्या (फुलांच्या तळाशी असलेल्या लहान पानांच्या) कणसातून फुले एकामागून एक बाहेर पडतात. पांढऱ्या फुलाचा जो रुंद, दुभंगलेला भाग पाकळीसारखा दिसतो, तो खरे तर रूपांतरित वंध्य केसरदलांचा (पराग न देणाऱ्या पुंकेसरांचा) बनलेला असतो. कळी सायंकाळी उमलते आणि सुगंधाने निशाचर पतंगांना बोलावते. दुसऱ्या दिवशी फूल मलूल होते. हात लागला तरी पाकळीवर तपकिरी डाग उमटतो, म्हणून वेणीसाठी किंवा गौरी-गणपतीसाठी दुपारीच फुगलेल्या कळ्या देठाशी धरून काढाव्यात व पाण्यात ठेवाव्यात.

एकदा फुललेला दांडा पुन्हा फुलत नसल्याने बहर संपताच तो जमिनीलगत कापतात. पान गुंडाळून आत राहणारी हिरवट अळी दिसल्यास ती हळद-आल्यावरही वाढणाऱ्या, गडद पंखांवर पांढरे डाग असलेल्या फुलपाखराची असण्याचा संभव असतो. फवारणीऐवजी गुंडाळी उलगडून अळी काढणे पुरते. तीन-चार वर्षांनी बेट दाटते व फुले कमी येतात, तेव्हा ते उकरून विरळ करावे लागते.

क्यूबाने सोनटक्क्याला राष्ट्रीय फुलाचा मान दिला आहे, तर ब्राझीलच्या पाणथळ जागांत आणि हवाई बेटांवर तो स्थानिक वनस्पतींना हटविणारे तण ठरला आहे. म्हणून विरळणीत निघालेले जादा कंद ओढ्यात न टाकता शेजारीपाजारी वाटावेत.