कारागृहांतील लैंगिक संसर्ग (भारत)

अटक, कोठडी आणि तुरुंगवास यांतून जाणाऱ्या लोकांमध्ये आढळणारे गुप्तरोग. यांत सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया, जननेंद्रियांचा हर्पीस, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही प्रमुख आहेत. हे आजार जेलमध्येच जडतात ही समजूत खोटी आहे. पुष्कळ बंदी संसर्ग घेऊनच आत येतात. सुईची नशा, देहविक्रय आणि हलाखी माणसाला आजाराकडेही नेतात नि पोलिसांकडेही. आत गर्दी, एकाच सुईने गोंदवणे, कधी राजीखुशीचा तर कधी बळजबरीचा संबंध यांची भर पडते.

भारतात खरी अडचण कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या न्यायाधीन बंद्यांची आहे. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन होते. असा माणूस किती दिवस आत राहील हे डॉक्टरला ठाऊक नसते. रक्ताचा अहवाल यायच्या आत त्याचा जामीन झालेला असू शकतो. सुरुवातीच्या सिफिलिसला बेन्झाथिन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते, त्यामुळे ते निदान होताच टोचून मोकळे होता येते. एचआयव्हीला आवरणारी एआरटीची गोळी मात्र जन्मभर घ्यायची. सुटताना बाहेरच्या केंद्राची चिठ्ठी हातात पडली नाही, तर औषध गेटपाशीच थांबते.

‘नाको’ने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) लक्षणांवरून उपचारासाठी रंगवार औषधपाकिटे ठरवली आहेत: मूत्रमार्गाच्या वा गर्भाशयमुखाच्या स्रावाला करडे, व्रणाला पांढरे, हर्पीसला लाल. प्रयोगशाळा नसलेल्या जेलच्या दवाखान्यात ती सोयीची. पण क्लॅमिडिया बहुतेक स्त्रियांत लक्षणांविनाच राहतो, तो या पद्धतीत निसटतो.

निरोधचा प्रश्न वेगळाच. १९९४ मध्ये तिहारमध्ये निरोध वाटण्याची सूचना तत्कालीन महानिरीक्षक किरण बेदी यांनी नाकारली. तेव्हा ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका करून समलिंगी संबंधाला गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ लाच आव्हान दिले. गुणदोषांवर निकाल न लागताच ती याचिका संपली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचा संमतीचा समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळला. तरीही निरोध वाटणे म्हणजे बराकीत असे काही घडते हे मान्य करणे, आणि प्रशासन तेच टाळते.

१० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने शासनाच्या ताब्यातील प्रत्येकाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी व उपचार यांचा हक्क दिला. तपासणीला माहितीपूर्वक संमती लागते. अर्थात, दाखल होण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येते हे कोणीतरी सांगावे लागते.