सिंगल स्टेज प्रेस (घरच्या घरी काडतुसं भरण्याचं यंत्र)

बार उडाल्यावर उरलेली पितळी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवून परत काडतूस तयार करायचं, याला रीलोडिंग म्हणतात, काही लोक हँडलोडिंगही म्हणतात. अमेरिकेत हा गॅरेजमध्ये नाहीतर घराच्या तळघरात बसून करायचा रीतसर छंद आहे आणि सामान दुकानात उघड मिळतं. सिंगल स्टेज प्रेस हे त्यातलं सगळ्यात साधं यंत्र, एका वेळी एकच साचा लागतो आणि दांडा एकदा ओढला की एका पुंगळीवर एकच काम होतं. याहून कितीतरी वेगवान यंत्रं बाजारात आहेत, तरी नवशिक्याला बहुतेक जण हेच घ्यायला सांगतात आणि निशाण्याच्या अचूकतेच्या मागे लागलेले मुरलेले लोकही शेवटी याच्यावरच बसतात. कारण एकच, हे हळू आहे, आणि या कामात हळू असणं हा दोष नाही तर निम्मी सुरक्षा आहे.

काडतुसाचे चार भाग

पुंगळी, प्रायमर, दारू, गोळी. यातली पुंगळी सोडली तर बाकी तिन्ही एकदाच कामाला येतात. बार उडताना पितळ फुगून चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला चिकटतं, त्यामुळे गॅस मागे येत नाही, आणि दाब उतरला की ते किंचित आक्रसतं म्हणून पुंगळी बाहेर निघते. पण मूळ मापाला ती परत येत नाही, तिला साच्यात दाबून मापात आणावं लागतं आणि प्रेस मुळात त्यासाठीच असतो. स्टीलच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पुंगळ्यांच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

प्रायमर म्हणजे बुडाच्या मधोमध बसणारी छोटी टोपी, तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. यात दोन जाती आहेत आणि गंमत अशी की ब्रिटिश कर्नल एडवर्ड बॉक्सर यांची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन हायरम बर्डन यांची युरोपात. रीलोडिंगवाल्याला बॉक्सर हवा, कारण त्या पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, साच्यातली सुई सरळ त्यातून जाऊन जुना प्रायमर खाली पाडते. बर्डनमध्ये बाजूला दोन बारीक भोकं असतात, सुई घातली की सुईच मोडते.

यंत्र

ओतीव लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची जाडजूड चौकट, वर साचा फिरवून बसवायला आटे, खाली वर-खाली होणारा दांडू ज्याला रॅम म्हणतात, रॅमच्या टोकाला पुंगळीचं बूड अडकवायचा शेलहोल्डर, आणि बाजूला लांब हँडल, एवढंच. चौकट बंद असेल तर ओ-फ्रेम, एका बाजूने उघडी असेल तर सी-फ्रेम. ओ-फ्रेम कमी वाकते म्हणून रायफलच्या लांब पुंगळ्यांना ती बरी. साच्याचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४ असे ठरून गेलेत, त्यामुळे एका कंपनीचा साचा दुसऱ्या कंपनीच्या प्रेसमध्ये बिनतक्रार बसतो आणि आजोबांच्या वेळचे साचे नातू आज घेतलेल्या प्रेसवर वापरतो. प्रेस टेबलाला बोल्टने घट्ट आवळावा लागतो, टेबल हलकं असलं तर हँडल ओढताना टेबलच पुढे येतं.

काम कसं चालतं

दिवाळीत करंज्या करताना आधी सगळ्या लाट्या, मग सगळ्यांत सारण आणि मग सगळ्या तळायच्या असं चालतं ना, सिंगल स्टेजचं तंत्र तेच. एक पुंगळी घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्यायची नाही, कारण मग दर वेळी साचा बदलत बसावं लागेल. ५० भोकांचा एक लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा असतो, त्यात पुंगळ्या उभ्या लावायच्या आणि एकेक पायरी सगळ्यांवरून फिरवायची.

पहिली पायरी नुसतं बघण्याची. तोंडाला चीर गेलेली पुंगळी बाद. बुडाच्या जरा वर चकचकीत गोल रेघ दिसली तरी बाद, तिथलं पितळ ताणून पातळ झालेलं असतं आणि पुढच्या बाराला पुंगळीचे तिथूनच दोन तुकडे होऊ शकतात. शंका असेल तर जुनी युक्ती अशी की पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा करायचा आणि आतल्या भिंतीवरून खालून वर ओढायचा, आत खाच पडली असेल तर आकडा तिथे अडतो आणि बोटाला बरोब्बर कळतं. मग पुंगळ्या टंबलरमध्ये जातात, मक्याच्या कणसाच्या भुग्यात किंवा अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्यात घुसळून स्वच्छ होतात.

त्यानंतर वंगण, आणि इथे नवशिक्या हमखास फसतो. कमी लावलं तर पुंगळी साच्यात अशी रुतते की हँडल उलटं ओढल्यावर बुडाची कड फाटून शेलहोल्डरमध्ये येते आणि बाकीची पुंगळी वर साच्यातच, मग ड्रिल, आटे पाडायचा टॅप, बोल्ट, सगळी कसरत करून ती काढायची. जास्त लावलं तर पुंगळी जिथे तोंडाकडे निमुळती होते त्या खांद्यावर खळगे पडतात. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइडची रिंग बसवलेले साचे मिळतात, त्यांना वंगण लागत नाही, ते थोडे महाग असले तरी घ्यावेत.

साच्यात दाबून मापात आणताना त्याच फटक्यात जुना प्रायमरही पडतो. मग लांबी मोजायची, कारण दर बाराला पितळ थोडं थोडं पुढे सरकतं आणि पुंगळी लांब होत जाते. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीची जास्तीत जास्त लांबी २.०१५ इंच आहे, कापून साधारण २.००५ वर आणतात. जास्त लांब राहिली तर चेंबरमध्ये पुंगळीचं तोंड गोळीला आवळून धरतं, गोळी सुटायला उशीर होतो आणि दाब भलताच चढतो. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं, आणि टाळू नये.

नवा प्रायमर प्रेसवरही बसवता येतो, पण बऱ्याच जणांना हातात धरायचं छोटं अवजार आवडतं, कारण टोपी खड्ड्यात बसताना होणारा विरोध अंगठ्याला जाणवतो. अजिबात विरोध न होता ती सटकन आत गेली तर खड्डा सैल झालाय, म्हणजे पुंगळीचं आयुष्य संपलं. बसल्यावर बोट फिरवून बघतात, टोपी बुडाच्या पातळीपेक्षा केसभर खालीच हवी, वर आलेली नको.

मग दारू. ती ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम आणि एका पौंडात ७,००० ग्रेन. किती घालायची हे मनाने ठरवायचं नसतं, दारू बनवणाऱ्या आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या चाचण्या करून तक्ते छापतात, त्यातल्या कमीत कमी आकड्यापासून सुरू करून थोडं थोडं वर जायचं आणि दर टप्प्याला उडालेल्या पुंगळीचं बूड तपासायचं, प्रायमर चपटा झालेला दिसला किंवा रायफलचा बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडायला जड गेला तर थांबायचं. भरून झालं की ठोकळ्यावर टॉर्च मारून सगळ्या पुंगळ्यांत वरून बघायचं, सगळ्यांत दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे. या पद्धतीतली सगळ्यात मोलाची अर्धी मिनिटं म्हणजे हीच.

शेवटी गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायची, गरज असेल तर तोंड थोडं आवळायचं, आणि व्हर्नियर कॅलिपरने पूर्ण लांबी मोजायची. असं करत तासाला साधारण ५० ते १०० काडतुसं होतात. हँडलच्या दर ओढीला एक तयार काडतूस देणारी प्रोग्रेसिव्ह यंत्रं याच्या कितीतरी पट काढतात, पण त्यात चार-पाच पुंगळ्यांवर एकदम काम चालू असतं आणि डोळा एकीवरच असतो.

कुठे चुकतं

दोन चुका सगळ्यात वाईट. एक, दारू न घालताच गोळी बसवली, की नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, 'फुस्स' असा आवाज येतो, आणि तो न ओळखता पुढचा बार काढला तर नळी फुटू शकते. दुसरी, दोनदा दारू घातली. रायफलमध्ये हे बहुधा जमतच नाही, पुंगळी आधीच भरत आलेली असते, दुसऱ्यांदा ओतली की टेबलावर सांडते आणि चूक कळते. पिस्तुलात मात्र कित्येक दारू अशा की ठरलेलं माप पुंगळीच्या अर्ध्यालाही पोचत नाही, दुप्पट घातली तरी गुपचूप मावते. .३०८ विंचेस्टरचा ठरवून दिलेला कमाल दाब ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचा १७,०००, हे आकडे १९२६ साली स्थापन झालेली सामी ही अमेरिकेतल्या बंदूक-काडतूस उद्योगाची संस्था ठरवते, आणि हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर तयार होत असतो एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

म्हणून टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा, असा दंडक आहे. दोन वेगळ्या दारू दिसायला सारख्या असतात, चुकून एकीच्या डब्यात दुसरी परत ओतली की तो अख्खा डबा बाद. टीव्ही बंद, गप्पा बंद, बिअर तर नाहीच. शिवाय शिसं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, टंबलरमधून उडणाऱ्या धुळीत ते येतं, त्यामुळे तिथे खाणंपिणं नाही, उठल्यावर हात धुवायचे आणि लहान मुलांना खोलीत घ्यायचं नाही.

इतिहास

१८७०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानात रानगव्यांची शिकार करणारे लोक तळावरच पुंगळ्या परत भरायचे, दुकान शेकडो मैल लांब, दुसरा इलाजच नव्हता. १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेटिकटमध्ये आयडियल कंपनी काढली, तिचं पकडीसारखं हातात धरायचं अवजार खूप चाललं, पुढे १९२५ मध्ये लायमन कंपनीने आयडियल विकत घेतली. टेबलाला आवळायचे प्रेस नंतर जोरात आले. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला फ्रेड हंटिंग्टन यांनी आरसीबीएस सुरू केली, युद्धामुळे चांगल्या गोळ्या मिळत नव्हत्या म्हणून त्यांनी .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्यांपासूनच गोळीचं आवरण बनवायचे साचे केले, डोंगरातल्या रॉक चक नावाच्या मांजराएवढ्या प्राण्याच्या शिकारीसाठी. कंपनीच्या रॉक चकर या प्रेसचं नाव तिथूनच आलं आणि आजही तो विकला जातो.

महायुद्ध संपल्यावर खरी भरभराट झाली. सरकारकडे पडून राहिलेली लष्करी दारू कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी विकत घेऊन किरकोळ विकायला काढली. १९४९ मध्ये नेब्रास्कात हॉर्नेडी कंपनी उभी राहिली. घरी परतलेल्या सैनिकांना बंदुकीची सवय होती, दारू स्वस्त होती, मग छंद पसरायला काय लागतं.

पैसे वाचतात का

दर काडतुसामागे वाचतात, महिनाअखेर वाचत नाहीत. स्वस्त पडतंय म्हटल्यावर माणूस दुप्पट बार काढतो, त्यात प्रेस, साचे, तराजू, टंबलर यांचा खर्च वेगळा. ९ मिलिमीटरसारखी कारखान्यात ढिगाने बनणारी काडतुसं घरी भरण्यात फार हशील नाही. खरा फायदा दुर्मीळ किंवा जुन्या मापांच्या बंदुकांना, जिची काडतुसं बाजारात मिळतच नाहीत तिला, आणि आपल्याच रायफलला मानवेल असं काडतूस जुळवणाऱ्यांना. २०२० नंतर अमेरिकेत प्रायमरचा प्रचंड तुटवडा झाला तेव्हा घरी सगळी तयारी असलेले लोकही टोपीवाचून हात बांधून बसले होते.

कायदा, आणि भारत

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायची असतील तर लागतो, राज्यांचे आणि शहरांचे नियम शिवाय वेगळे. अग्निसुरक्षेच्या एनएफपीए ४९५ या मानकात घरामध्ये मूळ डब्यांतच २० पौंडांपर्यंत बिनधुराची दारू आणि १०,००० प्रायमर ठेवायची मुभा आहे.

भारतात गोष्टच वेगळी. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात, म्हणजे टेक्सासहून कायमचं परत येताना गॅरेजमधला प्रेस सामानात टाकून आणू असं कुणाच्या डोक्यात असेल तर आधी वकिलाला विचारावं. आपल्याकडे काडतुसं बनतात ती मुख्यतः सरकारी कारखान्यांत, महाराष्ट्रात खडकीला आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत, तिथे दर बाराला दारू आणि छर्रे नळीतूनच ठासावे लागतात, पुंगळीचा संबंधच येत नाही.

आणि आपल्या नेमबाजांना यातलं काही लागतही नाही. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेम धरायच्या प्रकारात) जगज्जेती झाली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, हे दोन्ही प्रकार .२२ रिमफायरचे. त्या काडतुसात वेगळी टोपी नसते, पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं आणि पिन आपटली की ती कड चेपून जाते, त्यामुळे ते परत भरणं व्यवहारात होत नाही. हे नेमबाज मग कारखान्यातून आलेल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलमधून उडवून बघतात आणि ज्या लॉटच्या गोळ्या निशाण्यावर सगळ्यात जवळजवळ लागतात तोच लॉट उचलतात.