पावडर कोटिंग: रंग धरतो विजेने, टिकतो उष्णतेने

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरात गच्चीवर झाकून ठेवलेले कूलर बाहेर निघतात आणि त्यांच्या लोखंडी स्टँडवर गंजाचे फोड दिसू लागतात. ऑइल पेंटचा एक हात मारून हंगाम निभावून नेणे ही रूढ पद्धत. आता लहान आकाराच्या पावडर कोटिंग गन विकत मिळत असल्यामुळे स्टँडचे ब्रॅकेट, दाराच्या कड्या किंवा दुचाकीचे सुटे भाग घरीच रंगवणे हौशी माणसाला शक्य झाले आहे. गन घेणाऱ्याचे सारे लक्ष फवाऱ्याकडे असते. वास्तविक फवारणी हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे.

पावडर कोटिंगच्या रंगात थिनर नसतो. राळ, तिला घट्ट करणारे रसायन आणि रंगद्रव्य यांची ही कोरडी भुकटी असून तिचे कण साधारणपणे 30 ते 50 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. कोरोना प्रकारच्या गनच्या टोकाशी उच्च व्होल्टेज असते, कारखान्यांत ते 100 किलोव्होल्टपर्यंत जाते, आणि तिथून जाणाऱ्या कणांवर विद्युतभार येतो. वस्तू अर्थिंगला जोडलेली असल्यामुळे हे कण तिच्याकडे ओढले जातात. भुकटी विद्युतरोधक असल्याने त्यांचा भार लगेच निघून जात नाही आणि गन बंद केल्यावरही थर जागेवर राहतो. अर्थिंगची क्लिप रंगलेल्या किंवा गंजलेल्या जागी लावली, तर निम्मी भुकटी जमिनीवर पडते.

कोपऱ्यांत मात्र हीच वीज आड येते. विद्युतक्षेत्र खोलगट भागात पोहोचत नाही, त्यामुळे कोनाच्या आतली बाजू उघडी राहते आणि कडांवर भुकटी साचते. अशा वेळी व्होल्टेज कमी करून आधी खोलगट भाग भरून घ्यावेत. जाड थर म्हणजे मजबूत थर, हाही गैरसमजच आहे, कारण साचलेला भार नव्या कणांना दूर लोटतो आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. 60 ते 80 मायक्रॉन पुरेसे आहेत.

फवारणीपूर्वीची सफाई कंटाळवाणी असते आणि म्हणूनच तिथे चालढकल होते. कारखान्यांत तेल काढणे, गंज काढणे, मधली धुलाई आणि फॉस्फेटचा थर देणे यांसाठी ओळीने सात टाक्या असतात. घरी आम्लाच्या टाक्या मांडू नयेत. जुना रंग आणि गंज पूर्ण घासून काढावा, अ‍ॅसिटोनने पुसावे आणि त्यानंतर हातमोज्यांशिवाय वस्तूला हात लावू नये.

खरी परीक्षा भट्टीत होते. भुकटी आधी वितळून पसरते आणि मग तिच्यातील रेणू एकमेकांशी कायमचे जोडले जातात. उकडलेले अंडे जसे पुन्हा पातळ होत नाही, तसा हा थर पुन्हा वितळत नाही. बऱ्याच पॉलिएस्टर पावडरींना यासाठी 180 ते 200 अंश सेल्सिअसवर 10 ते 15 मिनिटे लागतात, परंतु हे तापमान धातूचे आहे, भट्टीतील हवेचे नव्हे. पातळ पत्रा लवकर तापतो आणि जाड ब्रॅकेटला बराच वेळ लागतो, त्यामुळे धातूला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून, धातू तेवढा तापल्यानंतरच वेळ मोजावा. थंड झालेल्या वस्तूवर अ‍ॅसिटोनचा बोळा घासल्यावर रंग भरपूर उतरला, तर थर कच्चा राहिला आहे. रबरी बुश किंवा बेअरिंग असलेले भाग भट्टीत घालू नयेत.

भट्टी विजेचीच हवी, कारण हवेत उडालेली भुकटी ठिणगीने भडकू शकते. पंखा, गॅस आणि देवघरातील दिवाही फवारणीच्या जागेपासून दूर असावा. तोंडावर चांगला मास्क हवा, आणि एकदा या कामाला वापरलेला ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

उन्हात राहणाऱ्या वस्तूसाठी पॉलिएस्टर पावडर घ्यावी. इपॉक्सी गंजाला उत्तम रोखते, पण उन्हात तिच्यावर लवकरच पांढुरकी पूड धरते. पावसाळ्यात घासलेले लोखंड दमट हवेत पाहता पाहता लालसर होते, म्हणून सफाई आणि फवारणी एकाच दिवशी उरकावी. उरलेल्या भुकटीला नागपूरचा मे महिना सोसत नाही. तिची राळ साधारणतः 50 ते 60 अंशांदरम्यान मऊ पडू लागते आणि बाहेर 45 अंश असताना टिनाच्या खोलीतील बंद डबा तिथवर सहज पोहोचतो. गोळे झालेली भुकटी गनमध्ये अडकते, म्हणून डबा घरातील सर्वांत थंड खोलीत, शक्यतो 30 अंशांखाली आणि कूलरच्या ओलसर झोतापासून दूर ठेवावा.