समर इंटेन्सिव्ह (बॅले)

शास्त्रीय बॅले शिकणाऱ्या मुलामुलींसाठी उन्हाळ्याच्या शालेय सुटीत, निवड चाचणी घेऊन भरवला जाणारा सखोल प्रशिक्षणवर्ग. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेत रुजला आणि वाढला. साधारण दहा-अकरा वर्षांपासून अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. वर्ग दोन ते सहा आठवडे चालतो. आठवड्यातले पाच किंवा सहा दिवस, रोज पाच-सहा तास नृत्य चालते. आपल्याकडे मे महिन्यात चित्रकलेचे, नाट्याचे किंवा पोहण्याचे छंदवर्ग भरतात. नाव तसेच वाटले, तरी हा प्रकार त्यांतला नाही. इथे येणारी बहुतेक मुले आधी चार-सहा वर्षे बॅले शिकलेली असतात आणि त्यांतल्या अनेकांना पुढे नर्तक म्हणूनच जगायचे असते.

मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. मुंबईत १९५२ साली शांती बर्धन यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ उभी केली. सचिन शंकर यांचे बॅले युनिटही मुंबईचेच. त्यामुळे आपल्याकडे दीर्घकाळ ‘बॅले’ म्हणजे भारतीय अंगाची नृत्यनाटिका असाच अर्थ रूढ राहिला. या नोंदीतले बॅले हे फ्रान्स आणि रशियात घडलेले आहे. त्यात पाय कमरेपासून बाहेर वळवलेले असतात आणि नर्तकी खास बूट (पॉइंट शूज) घालून पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहते; या कामाला ‘पॉइंट’ म्हणतात.

अमेरिकेतच का?

पॅरिस ऑपेराची नृत्यशाळा १७१३ साली चौदाव्या लुईच्या काळात सुरू झाली. सेंट पीटर्सबर्गची, आज वागानोवा अकादमी म्हणून ओळखली जाणारी शाळा १७३८ची. दोन्ही राजाश्रयाने उभ्या राहिल्या आणि पुढे राज्यसंस्थेनेच सांभाळल्या. अशा शाळेत मूल दहाव्या वर्षाच्या आसपास प्रवेश घेते. गणित-भूगोलही तिथेच शिकते, नृत्यही तिथेच. आठ वर्षांनी बाहेर पडते ते व्यावसायिक नर्तक होऊन. त्या मुलाच्या दृष्टीने उन्हाळा म्हणजे विश्रांती.

अमेरिकेत अशी सरकारी शाळा कधीच झाली नाही. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्शिन आणि त्यांचे पाठीराखे लिंकन कर्स्टीन यांनी १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये स्कूल ऑफ अमेरिकन बॅले काढली, पण ती एका शहरातली खासगी शाळा होती. ओहायो किंवा कॅन्ससमधली मुलगी शाळा सुटल्यावर गावातल्या नृत्यवर्गाला जायची. तिथल्या बाई चांगल्या असल्या तर तिचे नशीब. तिला मोठ्या शहरातले शिक्षक, वरच्या दर्जाचे सहाध्यायी आणि दिवसभराची मेहनत मिळण्याची एकच वेळ होती, ती म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतची लांब सुटी. नृत्यसंस्थांचेही वेळापत्रक याला जुळणारे निघाले. बहुतेक अमेरिकी बॅले कंपन्यांचा प्रयोगांचा हंगाम मे-जूनपर्यंत संपतो. मग तालमीची दालने मोकळी असतात, नर्तकांना पगार नसतो किंवा कमी असतो आणि शिकवायला अनुभवी माणसे उपलब्ध असतात. उन्हाळी वर्गाच्या शुल्कातून वर्षभराची शाळा चालवणे हेही संस्थांच्या लवकरच लक्षात आले. सरकारी शाळेची जागा अशा रीतीने सुटीने भरून काढली. या प्रथेचे गुण आणि दोष दोन्ही यातून आले आहेत.

उन्हाळ्यात गावाबाहेर जाऊन नृत्य शिकण्याची वाट आधी आधुनिक नृत्याने पाडली. अमेरिकी नर्तक टेड शॉन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेट इथे ‘जेकब्स पिलो’ नावाचे शेत १९३१च्या सुमारास घेतले. तिथला उन्हाळी नृत्योत्सव आणि शाळा आजही चालू आहेत, आणि शाळेत बॅलेचाही वर्ग असतो. हेच शॉन १९२६ साली पत्नी रूथ सेंट डेनिस यांच्यासह दोघांची ‘डेनिशॉन’ ही नृत्यमंडळी घेऊन हिंदुस्थानात आले होते. मुंबईतही त्यांचे प्रयोग झाले, आणि शिवाच्या विश्वनृत्यावर शॉन यांनी स्वतः एक नृत्य बसवले. व्हर्मॉन्टमधल्या बेनिंग्टन कॉलेजात १९३४ पासून उन्हाळी नृत्यशाळा भरू लागली. आधुनिक नृत्यातल्या अग्रणी मार्था ग्रॅहॅम तिथे शिकवत. मिशिगनमधल्या इंटरलॉकेनच्या जंगलात १९२८ साली शालेय वाद्यवृंदासाठी छावणी सुरू झाली होती. पुढे तिथे नृत्यही आले.

बॅलेला खरी गती मिळाली ती पैशामुळे. १९६३च्या डिसेंबरमध्ये फोर्ड फाउंडेशन या अमेरिकी दानसंस्थेने बॅलेसाठी सुमारे ७७ लाख डॉलरचे अनुदान जाहीर केले. त्याचा मोठा वाटा स्कूल ऑफ अमेरिकन बॅले आणि बॅलन्शिन यांची कंपनी न्यूयॉर्क सिटी बॅले यांना मिळाला. आधुनिक नृत्याला काहीच न मिळाल्याने त्यावर बरीच टीकाही झाली. या अनुदानाच्या आधीच फोर्डच्या पैशातून गावोगावची गुणी मुले हेरून न्यूयॉर्कला आणण्याची पद्धत सुरू झाली होती. डायना अ‍ॅडम्स ही नर्तकी अशा शोधमोहिमेवर फिरत असताना तिला सिनसिनाटीची सुझान फॅरेल दिसली. सुझानने १९६० साली १६ ऑगस्टला, आपल्या पंधराव्या वाढदिवशी, बॅलन्शिनपुढे चाचणी दिली. शिष्यवृत्ती मिळाली, आणि पुढच्याच वर्षी ती न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झाली. गावातून उचलून महानगरात आणलेल्या मुलीची ही कथा नंतरच्या प्रत्येक पिढीतल्या मुलींनी ऐकली आहे, आणि आजही ऑडिशनच्या रांगेत उभ्या मुलीच्या मनात ती असते.

निवड

उन्हाळ्याची तयारी थंडीत सुरू होते. जानेवारी ते मार्च हा ऑडिशनचा हंगाम. मोठ्या शाळांचे शिक्षक शहरोशहरी फिरतात. मुलीच्या काळ्या लिओटार्डवर, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या नृत्यपोशाखावर, छातीशी कागदी क्रमांक टाचलेला असतो. केस घट्ट अंबाड्यात, पायांत गुलाबी टाइट्स. दीड तासाचा नेहमीसारखा वर्ग होतो. आधी कठड्याला, म्हणजे बारला धरून प्लीए (गुडघे वाकवणे) आणि तांद्यु (पाय ताणून सरकवणे), मग दालनाच्या मध्यभागी येऊन पिरुएतच्या गिरक्या आणि उड्या, शेवटी मुलींसाठी पॉइंट शूजमध्ये थोडे काम. परीक्षक भिंतीशी बसून टिपणे घेतात. कोणालाही काही सांगितले जात नाही. उत्तर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येते. प्रवेश, प्रतीक्षायादी, नकार किंवा शिष्यवृत्तीसह प्रवेश, यांपैकी काहीतरी. हल्ली चित्रफितीवरूनही निवड होते. १९९९ साली सुरू झालेल्या ‘यूथ अमेरिका ग्रां प्री’ या स्पर्धेतूनही उन्हाळी शिष्यवृत्त्या वाटल्या जातात.

परीक्षक पाहतात ते फक्त कौशल्य नव्हे. मुलीचे पाऊल किती कमानदार आहे, पाय कमरेतून किती वळतो, सांगितलेली दुरुस्ती तिने लगेच उचलली का आणि संगीत तिच्या कानात आहे का, हे सगळे मोजले जाते. यातले पहिले दोन गुण बहुतांशी जन्मजात असतात. बाराव्या वर्षी एखाद्या मुलीला नकार मिळतो तो तिच्या हाडांच्या ठेवणीमुळे, आणि तिला ते कोणी सांगत नाही. या प्रथेतली मला सगळ्यांत कठोर वाटणारी गोष्ट ही आहे. मुलगा असल्यास चित्र वेगळे. बॅलेत मुलगे कमी आणि जोडीनृत्यासाठी त्यांची गरज मोठी, म्हणून त्यांना शुल्कमाफी सहज मिळते.

दिनक्रम

पहिल्या दिवशी पातळी ठरवण्याचा वर्ग होतो आणि संध्याकाळी याद्या लागतात. आपल्या गावात सर्वांत पुढे असलेली मुलगी इथे तिसऱ्या पातळीत नाव शोधत असते. अनेकींच्या आयुष्यातला हा पहिला खरा मापदंड, आणि बऱ्याच शिक्षकांच्या मते समर इंटेन्सिव्हचा मोठा लाभही हाच.

सकाळी दीड-दोन तासांचा तंत्रवर्ग असतो. तिथे वादक प्रत्यक्ष पियानो वाजवतो. गावातल्या वर्गात ध्वनिमुद्रणावर नाचलेल्या मुलांना हा फरक पहिल्याच तांद्युला जाणवतो, कारण वादक नर्तकाच्या श्वासाबरोबर लय सैल किंवा घट्ट करतो. पुढे पॉइंट, जुन्या बॅलेंमधली एकल नृत्ये, जोडीनृत्य, पूर्व युरोपीय लोकनृत्यांवर आधारलेले कॅरेक्टर नृत्य, समकालीन नृत्य आणि स्नायुबळासाठी पिलाटेस. संध्याकाळी वसतिगृहावर पॉइंट शूजच्या फिती शिवण्याचे काम चालते. सुती दोरा घासून तुटतो म्हणून कित्येक मुली दात साफ करायचा फ्लॉस सुईत ओवतात. पॉइंट शूजच्या टोकाला कापड, कागद आणि खळ यांच्या थरांची कडक पेटी असते. घामाने ती मऊ पडते, आणि दिवसभर नाचणाऱ्या मुलीची जोडी काही दिवसांतच निकामी होते. जोडीची किंमत शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त, त्यामुळे पाच आठवड्यांत केवळ बुटांवरच मोठी रक्कम खर्च होते. शिकवणी, वसतिगृह आणि जेवण धरून एका उन्हाळ्याचा एकूण खर्च काही हजार डॉलरवर जातो. शिष्यवृत्त्या आहेत, पण मागणीच्या मानाने थोड्याच.

शिक्षण आणि पारख

समर इंटेन्सिव्ह एकाच वेळी वर्गही आहे आणि पाच आठवडे चालणारी ऑडिशनही. स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेचा उन्हाळी वर्ग बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी पाच आठवड्यांचा असतो. तो संपताना निवडक मुलांना हिवाळी सत्रासाठी, म्हणजे पूर्ण वर्षासाठी, थांबण्याचे निमंत्रण मिळते. इतर मोठ्या शाळांतही अशीच रीत आहे. चौदा वर्षांच्या मुलीचे घर सुटते ते बहुधा अशा एका पत्रामुळे.

मिस्टी कोपलँड या नर्तकीचे उदाहरण इथे आठवते. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो इथे, मुलांच्या क्लबमधल्या मोफत वर्गात तिने तेराव्या वर्षी बॅले सुरू केले. बॅलेच्या हिशेबाने हे फार उशिरा. १९९८चा उन्हाळा तिने पूर्ण शिष्यवृत्तीवर सॅन फ्रान्सिस्को बॅलेच्या शाळेत काढला. पुढचे दोन उन्हाळे अमेरिकन बॅले थिएटर या न्यूयॉर्कच्या बॅले कंपनीच्या वर्गात गेले आणि तिथूनच ती त्या संस्थेत आली. २०१५ साली ती तिथली पहिली आफ्रिकी-अमेरिकी महिला प्रमुख नर्तकी झाली. गरीब घरातल्या, उशिरा सुरुवात केलेल्या मुलीसाठी शिष्यवृत्तीचा उन्हाळी वर्ग नसता तर दुसरे कोणते दार उघडे होते, याचे उत्तर मला सापडत नाही.

शरीर

एरवी आठवड्याला दहा-पंधरा तास नाचणारे मूल इथे एकदम पंचवीस-तीस तास नाचू लागते. भार हळूहळू वाढवावा हा व्यायामाचा पहिला नियम, आणि तोच इथे मोडतो. नेमका काळही नाजूक. उंची झपाट्याने वाढत असते, हाडे लांबतात पण स्नायू आणि कंडरा मागे राहतात, त्यामुळे शरीराचा तोल बदलतो आणि कालपर्यंत जमणारी गिरकी जमेनाशी होते. टाचेवरच्या अकिलिस कंडरेची सूज, घोट्याच्या मागचे दुखणे, नडगी आणि पायाच्या लांब हाडांना पडणारी ताणाची बारीक भेग या नेहमीच्या दुखापती. दुखणे लपवण्याची वृत्ती त्यांना वाढवते. पाच आठवड्यांतला एक आठवडा बसून काढायला कोणतीच मुलगी तयार नसते, कारण तिच्याकडे पाहणारे डोळे तेवढ्याच काळापुरते असतात.

पॉइंटबद्दल आंतरराष्ट्रीय नृत्यवैद्यक संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. बाराव्या वर्षाआधी पॉइंट नको. धड, कंबर आणि पाय पुरेसे बळकट नसतील तर आणखी थांबावे. आठवड्यातून एकदाच वर्ग करणाऱ्या मुलीला पॉइंट देऊच नये. त्याहून गंभीर प्रश्न खाण्याचा. कमी वजनाच्या अपेक्षेपोटी मुली ऊर्जेच्या गरजेपेक्षा कमी खातात, पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या स्थितीला ‘खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता’ असे नाव दिले, आणि नर्तकांनाही ती तितकीच लागू आहे. अनेक शाळांत आता फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ नेमलेले असतात. पालकांनी प्रवेशाआधी शिक्षकांच्या नावांइतकीच यांचीही चौकशी करावी.

भारताशी संबंध

मुंबईत तुश्ना डॅलस यांनी १९६६ साली बॅलेची शाळा काढली. अलीकडच्या काळात मुंबईतच येहुदा माओर या इस्राएली-अमेरिकी शिक्षकांकडे शिकलेला अमिरुद्दीन शाह २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. तरी भारतातून उन्हाळी वर्गाला जाणे अवघड असते. आपली सुटी एप्रिल-मेमध्ये, त्यांचे वर्ग जूनच्या अखेरीस सुरू होतात, तेव्हा इथल्या शाळा भरलेल्या असतात. दहावी-बारावीच्या वर्षी तर विषयच निघत नाही. व्हिसा आणि विमानभाडे वेगळे. उलट अमेरिकेतल्या मराठी घरांत अडचण दुसरीकडून येते. जुलै-ऑगस्ट हाच आजोळी येण्याचा काळ, आणि मुलगी बॅले मनापासून शिकत असेल तर तिच्या वाट्याची आजी-आजोबांची सुटी त्या पाच आठवड्यांत जाते.

दिल्लीच्या विकासपुरीतल्या ई-रिक्षाचालकाच्या मुलाने, कमल सिंगने, सतराव्या वर्षी फर्नांडो आगिलेरा या शिक्षकांकडे बॅले सुरू केले. फी परवडत नव्हती, तर त्यांनी ती घेतली नाही. २०१९ साली तो वागानोवा अकादमीच्या उन्हाळी वर्गासाठी सेंट पीटर्सबर्गला गेला. ज्या शाळेतली मुले दहाव्या वर्षापासून तिथेच वाढतात, त्या शाळेने बाहेरच्यांसाठी उन्हाळ्यात दार उघडले होते. पुढच्या वर्षी लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलने त्याला घेतले. शिक्षणाचा खर्च लोकांनी इंटरनेटवरून वर्गणी काढून उभा केला.