घरगुती स्टाउट आणि दारूबंदीचा कायदा : नागपूरच्या संदर्भात पार्श्वभूमी

स्टाउटचा काळा रंग जितका भाजलेल्या धान्याचा, तितकाच करवसुलीचाही आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये पोर्टर नावाची गडद बिअर लोकप्रिय झाली आणि तिच्या कडक प्रकाराला स्टाउट म्हणू लागले. त्या शतकाच्या अखेरीस हायड्रोमीटर हे द्रवाची घनता मोजणारे उपकरण वापरात आल्यावर तपकिरी माल्टपेक्षा (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य) फिकट माल्टमधून अधिक साखर निघते हे आकड्यांत दिसले, उत्पादक फिकट माल्टकडे वळले आणि रंग उतरला. जळक्या साखरेने तो परत आणण्याची सोय १८१६ च्या ब्रिटिश कायद्याने बंद केली. पुढच्याच वर्षी फिरत्या पिंपात माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याचे पेटंट निघाले. कर माल्टवर असल्यामुळे मोड न आणलेली बार्ली वापरणेही बेकायदा होते. माल्टवरचा कर १८८० साली गेला तेव्हाच ती वाट मोकळी झाली, आणि आज ज्या भाजक्या बार्लीशिवाय आयरिश पद्धतीच्या स्टाउटची कल्पना करता येत नाही, ती त्यानंतरची भर आहे. मात्र त्याच १८८० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना घ्यायला लावला. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली ती १९७९ पासून.

नागपूर परिसरात ही काळी बिअर आली ती छावणीच्या वाटेने. कामठीची छावणी १८२१ ची, आणि हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांसाठी विलायतेहून जहाजाने पोर्टर येत असे. ती घरी करण्याचा प्रश्न तेव्हा नव्हता. स्थानिक मद्य म्हणजे मोहाची दारू, आणि तिचे नियमन १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने होत असे. तो कायदा मुळात महसुलाचा होता : परवाना घ्या, शुल्क भरा, मग करा. १९३८ साली प्रांताने दारूबंदीचा वेगळा कायदा केला, तरी त्याची अंमलबजावणी निवडक भागांपुरतीच राहिली.

खरे वळण आले ते राज्यपुनर्रचनेने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५९ च्या विस्तार कायद्याने १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम नागपूरलाही लागू झाला. त्याचेच नाव आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. या निर्णयाकडे केवळ प्रशासकीय एकसूत्रीकरण म्हणून पाहिले जाते, पण दोन्ही कायद्यांची बैठकच निराळी होती. जुना कायदा परवानगीपासून सुरू होतो. नवा आधी सगळे निषिद्ध ठरवतो आणि मग सवलती मोजून देतो. १९१५ चा कायदा सीमेपलीकडे मध्य प्रदेशात आजही चालू आहे. नागपूरकरांच्या हातून तो गेला, आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही, ही नोंद येथे करायला हवी.

घरी स्टाउट करून बाटल्या भरू पाहणाऱ्यांचा सारा वाद या अधिनियमाच्या दोन लगतच्या कलमांवर अडतो. बारावे कलम मद्य तयार करण्यास मनाई करते आणि त्यात हेतूची अट नाही. तेराव्या कलमातील बाटलीबंद करण्याची मनाई मात्र ‘विक्रीसाठी’ आहे. त्यामुळे स्वतःपुरत्या बाटल्या भरल्या तर काय बिघडले, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. बिअर आधीच तयार झालेली असती तर त्याला काही अर्थ होता. पण घरगुती बिअर बाटलीत भरताना दर लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात, उरलेले यीस्ट ती खाते आणि बूच लावलेल्या बाटलीतच वायू व थोडा अधिक मद्यार्क तयार होतो. अधिनियमाच्या व्याख्येत नैसर्गिक वा कृत्रिम अशी प्रत्येक प्रक्रिया ‘उत्पादन’ ठरते. म्हणजे बाटली भरणे हा उत्पादनाचाच शेवटचा टप्पा झाला आणि पळवाट तिथेच बुजते. (नागपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात अर्धवट आंबलेली बाटली फुटते तीही याच प्रक्रियेने, स्टाउटसाठी लागणाऱ्या ‘एल’ जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, म्हणून इथला हंगाम डिसेंबर-जानेवारीचाच.)

‘माझे घर, माझे पेय’ या मुद्द्यावर १९५१ मध्येच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने त्याने बंदीतून सोडवली, पण पिण्याच्या मद्यावरील बंदी उचलून धरली. तसेच, बोलताना आपण हातभट्टी आणि बिअर यांत सहज फरक करतो, कारण एक गाळतात आणि दुसरी आंबवतात. अधिनियमाच्या व्याख्येत मात्र स्पिरिट, वाइन, बिअर आणि ताडी एकाच ओळीत बसली आहेत. वीस लिटर स्टाउट करणाऱ्या हौशी माणसाला मोहाची दारू गाळणाऱ्याच्याच पंक्तीला बसवणारी ही व्याख्या ढोबळ आहे, असे म्हणणे अवास्तव होणार नाही.

साठच्या दशकापासून पिण्याचे परवाने सैल झाले आणि गेल्या दीड दशकात राज्यात मायक्रोब्रुअऱ्या, म्हणजे जागेवरच बिअर करणारे छोटे कारखानेही उघडले, परंतु ही मोकळीक पिणाऱ्याला आणि परवानाधारक व्यावसायिकाला मिळाली. घरात करणाऱ्यासाठी बारावे कलम जागेवर आहे. माल्ट, यीस्ट आणि बूच बसवण्याचे यंत्र आज घरपोच मिळते व त्यांची खरेदी उघडपणे होते. मात्र मद्य तयार करण्यासाठी साहित्य वा भांडी बाळगण्यास तेरावे कलमच मनाई करते, आणि तिथे ‘विक्रीसाठी’ हा शब्द नाही.