'आम्ही' आणि 'आपण'

'आम्ही निघालो' आणि 'आपण निघालो'. मराठीत ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात ऐकणारा मागे राहतो, दुसऱ्यात तोही सोबत असतो. जगातल्या अनेक भाषांमध्ये दोन्हींचं काम एकाच शब्दावर भागतं. मानवी जाणीव जागतिक ऐक्याकडे उत्क्रांत होते आहे का, असा प्रश्न निघाला की मला आधी हा व्याकरणातला भेद आठवतो.

'आपण' फार लवकर उगवतं. वर्षभराचं बाळ उडणाऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवतं आणि लगेच वळून जवळच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतं. त्याला पक्षी नको असतो, 'तुलाही दिसला ना?' एवढंच हवं असतं. चिंपांझी आपले जवळचे नातलग, पण रानातल्या चिंपांझींमध्ये केवळ दाखवण्यासाठी दाखवणं जवळजवळ आढळत नाही. मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञाच्या मते माणसाचं वेगळेपण इथेच आहे: एकाच गोष्टीकडे दोघांनी पाहायचं आणि आपण दोघं पाहतोय हे दोघांनाही ठाऊक असायचं. भाषा, शिकवणं, सहकार्य हे सगळं त्यावर उभं राहिलं.

हे जुळणं मेंदूतही दिसतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात मेंदूशास्त्रज्ञ उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी गोष्ट सांगणाऱ्या आणि ती ऐकणाऱ्यांच्या मेंदूची स्कॅनरमध्ये तपासणी केली. 2010 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: ऐकणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल काही क्षणांच्या अंतराने सांगणाऱ्यामागून जाते, काही भागांत तर त्याच्या पुढेही धावते. रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तेव्हा मात्र हा मेळ नाहीसा झाला. आवाज कानावर पडत होता, अर्थ पोचत नव्हता.

इतकं सुंदर असूनही गाडं अडतं, कारण 'आम्ही'सुद्धा तितकंच मुळातलं आहे. 1970च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. मुलांना क्ले आणि कॅन्डिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुला क्ले आवडतो, तुला कॅन्डिन्स्की. प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडले होते. गटातले इतर कोण आहेत हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग इतरांना पैसे वाटायला सांगितले, त्यात वाटणाऱ्याचा स्वतःचा काही फायदा नव्हता. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे एक वेळ समजू शकतं. पण अनेकदा त्यांनी आपल्या गटाला कमी पैसे मिळाले तरी चालेल, दुसऱ्या गटाशी फरक मोठा राहिला पाहिजे, अशी वाटणी निवडली! धर्म नाही, जमीन नाही, जुनं वैर नाही. नुसतं नाव पुरलं.

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1992 साली माकडांच्या नि वानरांच्या मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, आणि कळपाच्या आकाराचा संबंध मांडला. त्यावरून माणसाच्या गटासाठी सुमारे 150 जण हा आकडा निघतो. त्यावर वाद आहेत आणि मीही तो दगडावरची रेघ मानत नाही. पण ओळखी, रुसवे, उपकार लक्षात ठेवायला डोक्याला मर्यादा आहे, हे कुणी नाकारत नाही. जगाची लोकसंख्या 800 कोटींच्या पुढे गेली आहे आणि मेंदूचं आकारमान 3 लाख वर्षांपूर्वीच आजच्याइतकं झालं होतं. म्हणजे जाणिवेचं वर्तुळ रुंदावायचं असेल, तर नव्या मेंदूची वाट पाहून भागणार नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेयार द शार्दँ हा फ्रेंच धर्मगुरू आणि जीवाश्मशास्त्रज्ञ, तसाच व्लादिमीर वेर्नाद्स्की हा रशियन भूरसायनतज्ज्ञ, यांनी पृथ्वीभोवती विचारांचं एक आवरण घडतं आहे अशी कल्पना मांडली, नोऑस्फियर. कल्पना भव्य, पण तपासायची कशी? 1998पासून काहींनी जगभर यादृच्छिक आकडे काढणारी यंत्रं लावून 'जागतिक चेतने'चा ठसा शोधला. मोठ्या घटनांच्या वेळी आकडे बिघडतात, असा त्यांचा दावा. कुठली घटना आणि किती वेळ मोजायचा, इथेच निवडीला वाव राहतो, अशी टीका झाली. मुख्य प्रवाहातल्या विज्ञानाने तो दावा स्वीकारलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

वर्तुळ रुंदावताना पकडता येतं ते अधिक साध्या जागी. 1954 साली मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमात एका शिबिरात 22 मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली. (भांडण पेटावं म्हणून संशोधकांनी काड्याही घातल्या, हे विसरू नये.) मुलं झेंडे जाळण्यापर्यंत गेली. एकत्र जेवायला बसवून काहीच साधलं नाही, उलट अन्नफेक झाली. मग शिबिराचं पाणी बंद पडलं. ट्रक अडला. दोन्ही गटांनी मिळून दोर ओढला तेव्हा कुठे ताण सैल होऊ लागला.

मोठ्या प्रमाणावरचा असा दोर म्हणजे देवीच्या रोगाचं निर्मूलन. 1958 साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य सभेत हा प्रस्ताव मांडला. सोव्हिएत संघाने लशीच्या कोट्यवधी मात्रा दिल्या. 1967 साली जोमाने सुरू झालेल्या मोहिमेचं नेतृत्व डोनाल्ड हेंडरसन या अमेरिकी डॉक्टरकडे होतं. मधल्या काळात क्युबावरून हेच दोन देश अणुयुद्धाच्या तोंडाशी जाऊन आले होते. त्यांचं एकमेकांवर प्रेम बसलं नव्हतं. विषाणूला सरहद्द कळत नव्हती, इतकंच. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण 1977 साली सोमालियात सापडला आणि 1980 साली रोग संपल्याची घोषणा झाली.

त्या विषाणूचे अधिकृत नमुने आज दोनच ठिकाणी कुलूपबंद आहेत: एक अमेरिकेत अटलांटाला, दुसरं रशियात कोल्त्सोवोला. ते नष्ट करायची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली आहे.