घरट्यावरील दुर्मीळ पक्ष्यांचे छायाचित्रण

घरटे बांधणाऱ्या, अंडी उबवणाऱ्या किंवा पिलांना चारा भरवणाऱ्या रानपक्ष्यांची घरट्यावर अथवा घरट्यालगत छायाचित्रे घेण्याचा प्रकार. पक्ष्यांच्या छायाचित्रणाची सुरुवात मुळात घरट्यापासूनच झाली. आज मात्र, विशेषतः संख्येने थोड्या उरलेल्या जातींच्या बाबतीत, अनेक देशांत त्यावर कायद्याची किंवा संकेतांची बंधने आली आहेत. एरवी क्षणभरही एका जागी न ठरणारा पक्षी विणीच्या हंगामात दिवसातून अनेकदा ठरलेल्या वाटेने ठरलेल्या जागी परत येतो, ही छायाचित्रकाराची सोय आहे आणि पक्ष्याचा धोकाही नेमका त्यातच आहे, कारण कितीही त्रास झाला तरी त्या काळात त्याला जागा बदलता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅमेरे अवजड होते, काचेच्या प्लेटा मंद होत्या आणि दूरच्या वस्तूला जवळ आणणारी भिंगे हाताशी नव्हती. पक्ष्यापासून काही हातांवर कॅमेरा उभा करता आला तरच चित्र मिळे, आणि तशी संधी फक्त घरट्याजवळ होती. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२मध्ये कस्तुर कुळातील एका पक्ष्याच्या अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून हा छंद रुजला. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून पोकळ बैल तयार केला होता आणि त्याच्या पोटात शिरून ते चित्रे घेत. पुढे ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी या कलेला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३७मध्ये वेल्समध्ये एका घुबडाच्या घरट्याजवळ रात्री लपणात, म्हणजे दडून बसण्याच्या आडोशात, शिरत असताना मादीने त्यांच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि त्यात त्यांचा डावा डोळा गेला. भारतात रेल्वेतील अधिकारी ई. एच. एन. लोथर यांनी आणि पुढे डॉ. सालिम अलींसोबत हिंडलेले सिंगापूरचे चित्रपट-उद्योजक लोक वान थो यांनी घरट्यावरील उत्तम चित्रे घेतली. त्या काळी विणीबद्दलची पुष्कळशी माहिती अशा लपणात तासन्‌तास बसलेल्या माणसांकडूनच मिळाली, हे विसरून या प्रकाराला सरसकट दोष देणे योग्य नाही. ५०० किंवा ६०० मिलिमीटरची भिंगे आणि आवाज न करणारे कॅमेरे आल्यावर मात्र घरट्याजवळ जाण्याची तांत्रिक गरज संपली. उरली ती सवय आणि हमखास चित्राचा मोह.

जुन्या पद्धतीची शिस्त कडक होती. कापडाचे किंवा झापांचे लपण प्रथम घरट्यापासून दूर उभे करीत आणि पक्षी त्याला सरावला की काही दिवसांत टप्प्याटप्प्याने पुढे सरकवीत. छायाचित्रकार आत शिरताना सोबत दुसरा माणूस येई आणि तो उघडपणे परत जाई, त्यामुळे पक्ष्याला माणूस निघून गेल्यासारखे वाटे. आड येणारी फांदी तोडण्याऐवजी दोरीने बाजूला बांधून काम संपताच पूर्ववत सोडत असत. अंडी फुटून पिले थोडी मोठी होईपर्यंत कामाला हात न लावण्याचा नियमही अनुभवातून आलेला होता. घरटे बांधण्याच्या आणि अंडी घालण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत पक्षी थोड्याशा व्यत्ययाने घरटे सोडून देतो. पिलांवर जसजसे कष्ट खर्च होतात तसतशी ही शक्यता कमी होते. शेवटच्या दिवसांत मात्र उलटाच धोका असतो, कारण जवळ कोणी आले की पंख पुरते न भरलेली पिले घाबरून घरट्याबाहेर उड्या टाकतात आणि पुन्हा आत जाऊ शकत नाहीत.

व्यत्ययाचे परिणाम बहुधा छायाचित्रकार निघून गेल्यावर दिसतात, म्हणून ते त्याच्या लक्षात येत नाहीत. बाजूला केलेली फांदी तशीच राहिली तर पिलांवर थेट ऊन पडते आणि कावळ्यांना घरटे उघडे दिसते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची स्थिती अधिक नाजूक असते. दख्खनच्या माळावर टिटवी आणि धाविक हे पक्षी भर उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तेथे अंड्यांना ऊब देण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरणे हेच मोठे काम असते; टिटवी तर पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. अशा दुपारी पक्ष्याला उठवून थोडा वेळ दूर ठेवले तरी आतला जीव दगावू शकतो. पक्षी जागचा हलला नाही म्हणजे त्याला त्रास झाला नाही, हा समजही चुकीचा आहे. माणूस जवळ आल्यावर अंड्यांवर निश्चल बसलेल्या पेंग्विनांची हृदयगती बरीच वाढते, असे त्यांच्यावरील अभ्यासांत आढळले आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो कोकणात, तिबोटी खंड्याच्या निमित्ताने. चिमणीहूनही लहान असलेला हा रंगीत पक्षी पावसाच्या तोंडाशी कोकणात विणीला लागतो आणि ओढ्याकाठच्या किंवा रस्त्यासाठी डोंगर कापल्यावर उरलेल्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरतो. जात म्हणून तो माळढोकाइतका दुर्मीळ नाही. पण त्याच्या वावराची जागा दाट झाडीतील, हंगाम मोजक्या महिन्यांचा आणि बीळ मात्र अनेकदा वाटेलगतचे, यामुळे पावसाळ्यात एकेका बिळासमोर कॅमेऱ्यांच्या तिवयांची रांग लागते. बिळाच्या तोंडासमोर मुद्दाम एक शेवाळलेली काटकी रोवली जाते. पक्षी आधी तिच्यावर टेकतो आणि मागची हिरवळ धूसर होऊन चित्र देखणे येते. चोचीत सापसुरळी किंवा खेकडा धरून काटकीवर बसलेल्या खंड्याचे छायाचित्र या सगळ्या खटाटोपाचे फलित मानले जाते. वास्तविक पिलांसाठी चारा आणलेला आणि निर्धास्त असलेला पक्षी बाहेर फार रेंगाळत नाही, सरळ बिळात शिरतो. चोचीत भक्ष्य धरून, मान वरखाली करत तो बराच वेळ बाहेर घुटमळत असेल तर समोरच्या गर्दीमुळे त्याला आत जाण्याचा धीर होत नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो. तेवढ्या वेळेत पिलांचा एखादा घास चुकलेला असतो. तरीही पर्यटकांना घरे भाड्याने देणाऱ्या गावकऱ्यांना या पक्ष्यामुळे ऐन पावसाळ्यात मिळकत होते आणि त्यामुळे दरडी आणि झाडी राखण्याकडे कल वाढतो, ही बाजूही खरी आहे. ठरावीक अंतरावर कायम लपण आणि एका वेळी मोजकी माणसे एवढे पथ्य पाळले तर पक्षी आणि मिळकत दोन्ही टिकतात.

खऱ्या अर्थाने दुर्मीळ जातींच्या बाबतीत एकेका अंड्याचा हिशेब असतो. माळढोकाची मादी एका विणीत सहसा एकच अंडे उघड्या माळावर घालते आणि एकटीच उबवते. सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी १९७९मध्ये अभयारण्य झाले, पण आता तेथेही तो क्वचितच दिसतो. जगात तो दीडशेहून कमी उरला असून त्यांतील बहुतेक पक्षी राजस्थानात जैसलमेर भागात आहेत. तेथे २०१९पासून रानातील अंडी उचलून यंत्रात उबवण्याचा प्रकल्प सुरू आहे. अशा पक्ष्याच्या घरट्याजवळ केवळ चित्रासाठी जाण्याचे समर्थन होऊ शकत नाही. रानपिंगळा या छोट्या घुबडाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८८४नंतर या पक्ष्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, पुढे मेळघाट आणि तानसा येथेही आढळला. दिवसाउजेडी वावरणारा, झाडाच्या ढोलीत वीण करणारा आणि ध्वनिमुद्रित हाकेला चटकन प्रतिसाद देणारा असल्याने तो छायाचित्रकारांना सहज सापडतो. हाक वाजवली की नर भक्ष्य शोधायचे सोडून हद्द राखायला येतो. धनेशाच्या बाबतीत नराच्या कामात असा व्यत्यय येणे अधिक गंभीर ठरते, कारण मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि कित्येक आठवडे नराने आणलेल्या फळांवर जगते. माणसांच्या भीतीने नराच्या फेऱ्या कमी झाल्या तर तिला बाहेर पडून अन्न शोधण्याचा मार्ग उरत नाही.

घरट्याचे ठिकाण फुटणे हा वेगळा धोका आहे. स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळानंतर परतलेल्या कैकर या मासे खाणाऱ्या शिकारी पक्ष्याची अंडी १९५८मध्ये चोरीला गेली. १९५९मध्ये तेथील पक्षिसंरक्षण संस्थेने पहारा ठेवून सुरक्षित अंतरावर लोकांसाठी निरीक्षणाची जागाच उघडली, आणि बघणाऱ्यांची गर्दी हाच पहारा झाला. आता चोराला हिंडावेही लागत नाही, कारण मोबाइलने घेतलेल्या चित्रात स्थानाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात. ‘ई-बर्ड’सारख्या पक्षी-निरीक्षणांच्या ऑनलाइन नोंदसंग्रहांत म्हणूनच संवेदनशील जातींचे नेमके ठिकाण झाकून ठेवले जाते.

भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या कलम २(१६)मधील ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणे आणि अंडी किंवा घरटी विचलित करणे यांचाही समावेश आहे. बंदुकीला हात न लावलेला माणूसही या व्याख्येत बसू शकतो, याची कल्पना पुष्कळ हौशी छायाचित्रकारांना नसते. ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील पक्ष्यांना घरट्यावर त्रास देणे गुन्हा असून तेथे छायाचित्रणासाठी परवाना घ्यावा लागतो. कायद्याहून अधिक परिणाम छायाचित्रकारांच्या स्वतःच्या संकेतांचा झाला असावा. भारतातील काही छायाचित्र-स्पर्धा घरट्यावरील चित्रे स्वीकारत नाहीत. त्यावर उपाय म्हणून चित्राच्या कडेला दिसणारी ढोली किंवा बीळ कापून टाकून नुसता पक्षी उरलेले चित्र पाठवण्याची युक्ती निघाली, म्हणून परीक्षक आता कॅमेऱ्यातील मूळ, न कापलेली फाइल मागून घेतात.